सिनेमा दोन तासांत संपतो, गेम संपत नाही

अ‍ॅनिमेशनपट बघून थिएटरबाहेर पडलेलं पोर पार्किंगपर्यंत पोचायच्या आत विचारतं, "ह्याचा गेम आहे का?" बहुतेक वेळा असतो. आणि फुकट असतो, म्हणून आईबाबाही फार चौकशी करत नाहीत. पाचशे रुपयांचा गेम घ्यायचा म्हटलं तर आपण दहा जणांना विचारतो. फुकटाला मात्र डोळे झाकून हो म्हणतो. खरी चौकशी तिथेच करायला हवी.

सल्ला आधीच सांगून टाकतो: मुलांसाठी संपणारा गेम विकत घ्या, न संपणारा फुकटात घेऊ नका. पुढचा सगळा हिशोब त्याच्याच भोवतीचा आहे.

गेमची बांधणी कशी करायची हे पैसा कुठल्या वाटेने येणार त्यावर ठरतं, आणि हे काही आजचं नाही. १९९४ मध्ये डिस्नेचा 'द लायन किंग' आला आणि त्याच वर्षी त्याचा गेमही आला. वेस्टवूड स्टुडिओजने तो केला होता. दुसऱ्याच टप्प्यात छोटा सिंबा माकडांच्या तावडीत सापडतो. एक माकड त्याला दुसऱ्याकडे भिरकावतं, दुसरं तिसऱ्याकडे. मधल्या गुलाबी माकडांवर गुरकावून त्यांची तोंडं बरोबर दिशेला फिरवली नाहीत तर सिंबा पुन्हा होता तिथेच. जगभरातली पोरं या टप्प्यावर अडकली. कारण पुढे वेस्टवूडच्याच लुई कॅसल यांनी सांगितलं. तेव्हा अमेरिकेत गेम व्हिडिओच्या दुकानातून भाड्याने मिळत. शनिवार-रविवारच्या भाड्यात गेम पुरा झाला तर विकत कोण घेणार? म्हणून सुरुवातीलाच मुद्दाम अवघड पायरी घालायला लावली गेली. म्हणजे पोराचं रडणं हासुद्धा धंद्याच्या हिशोबाचाच भाग होता.

आपल्याकडे 'लायन किंग' आणि 'अलादीन' हे गेम कॉम्प्युटर क्लासात, सायबर कॅफेत, शेजारच्या दादाच्या पीसीवर हातोहात फिरणाऱ्या सीडींवरून पोचले. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या कित्येकांनी ते खेळले, पैसे मात्र क्वचितच कुणी मोजले असतील. आता तेच आईबाबा झालेत आणि पोरांना काय खेळायला द्यावं, असं विचारतात. त्यांना माझं पहिलं उत्तर हेच दोन गेम. २०१९ मध्ये दोन्ही एकत्र, आजच्या कॉम्प्युटरवर चालतील असे पुन्हा बाजारात आले आणि त्यात मागे जायची सोय आहे. सिंबा दरीत पडला तर काही क्षण मागे जाऊन तीच उडी पुन्हा मारता येते, पुन्हा 'पहिल्यापासून' नाही. माकडांवर अडकलेल्या पिढीला थोडा उशिरा मिळालेला न्याय म्हणायचा.

हे गेम विकत घ्यायचं मुख्य ठिकाण म्हणजे स्टीम हे ऑनलाइन दुकान. तिथे भाव रुपयांत दिसतात आणि यूपीआय चालतं. सिनेमावर आधारलेल्या जुन्या गेमची मूळ किंमत साधारण काहीशे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत असते, पण मूळ किमतीला घ्यायची घाई करू नका. जूनअखेरीस आणि डिसेंबरअखेरीस स्टीमवर मोठे सेल लागतात, तेव्हा जुने गेम निम्म्यावर, कधी पाव किमतीला मिळतात. सिनेमा नवा असताना गेम महाग असतो, कारण तेव्हा तुम्ही खेळाचे नव्हे, पोस्टरचे पैसे देत असता. 'द लेगो मूव्ही'चा गेम २०१४ चा, 'द इन्क्रेडिबल्स'चा लेगो गेम २०१८ चा. आजच्या सात वर्षांच्या मुलाला दोन्ही नवेच. शिवाय नव्या गेममधले दोष काढायला कंपन्यांना वर्ष-सहा महिने लागतात. जुना गेम घेणाऱ्याला ते निस्तरत बसावं लागत नाही.

लेगोचे गेम दोन भावंडांच्या घरासाठी मुद्दाम सुचवतो. एकाच पडद्यावर दोघांना एकत्र खेळता येतं, एकाच प्रतीत. एकाला कीबोर्ड, दुसऱ्याला गेमपॅड. "माझी टर्न" वरून होणारी मारामारी निम्म्याने कमी होते आणि तो फायदा कुठल्याही किमतीत धरलेला नसतो. मुख्य कथा पुरी करायला आठ-दहा तास लागतात, मग लपवलेल्या वस्तू शोधण्यात आणखी तितकेच. चौघांच्या कुटुंबाने मल्टिप्लेक्सला जाऊन पॉपकॉर्नसकट जेवढे घालवले, त्याच्या निम्म्यात सेलमधला असा गेम येतो आणि सुट्टीभर पुरतो.

स्टीमचा परताव्याचा नियम पाठ करून ठेवा: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. यात एक मेख आहे. गेम नुसता उघडा ठेवून जेवायला गेलात तरी घड्याळ चालूच राहतं. म्हणून पहिल्या दिवशी स्वतः सुरू करून बघा. चालतो का, अडखळतो का, मुलाला झेपतो का, हे अर्ध्या तासात कळतं. पोराच्या हाती देऊन दुसऱ्या दिवशी विचारपूस केलीत तर दोन तास कधीच उलटलेले असतात.

स्टीमवर खातं काढायला किमान १३ वर्षांची अट आहे, त्यामुळे मूळ खातं आईच्या किंवा बाबांच्या नावावर काढा. 'स्टीम फॅमिलीज' नावाची सोय २०२४ मध्ये सुरू झाली. त्यात एका घरातल्या सहा जणांपर्यंत गेम वाटून घेता येतात, तेरा पूर्ण केलेल्या मुलाच्या खात्यावर रोजची वेळ बांधून देता येते, आणि मुलाला काही हवं असेल तर तशी विनंती तुमच्याकडे येते. ही सोय फुकट आहे आणि खरोखर कामाची आहे. मात्र तोच गेम दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर एकाच वेळी खेळायचा असेल तर दोन प्रती लागतात.

विकत घेतला म्हणजे आपला झाला, असंही नाही. स्टीमवर पैसे भरताना आता स्पष्ट लिहिलेलं असतं की तुम्हाला मिळतो तो वापराचा परवाना. सिनेमावरच्या गेमना हे जास्त लागू पडतं, कारण सिनेमाचं नाव वापरायचे हक्क ठरावीक काळापुरते असतात. ते संपले की गेम दुकानातून उतरतो. आधी घेतलेल्यांकडे तो सहसा राहतो, नव्याला मिळत नाही. 'जीओजी' या दुसऱ्या दुकानात गेमची फाइल उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते, पुढे इंटरनेटचीही गरज लागत नाही. डिस्नेचे नव्वदच्या दशकातले गेम तिथे २०१६ मध्ये आले. दुकान डॉलरमध्ये भाव दाखवत असेल तर दोन गोष्टी बघा. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का (रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या व्यवहारांपुरतंच चालू असतं), आणि बँक परकीय चलनाचं किती शुल्क लावते. अनेक कार्डांवर ते साडेतीन टक्क्यांपर्यंत असतं, वर त्या शुल्कावर जीएसटी.

आता यंत्र. नुसत्या पोरांच्या गेमसाठी नवा 'गेमिंग लॅपटॉप' घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. दुकानदार साठ-सत्तर हजारांपासून बोलायला सुरुवात करेल, त्याचं तेच काम आहे. वर सांगितलेले जुने गेम घरातल्या ऑफिसच्या कामाच्या लॅपटॉपवर बहुधा चालून जातात. अट एकच. विंडोज ७ वर स्टीम २०२४ च्या सुरुवातीपासून बंद झालंय, त्यामुळे माळ्यावरचा जुना पीसी काढणार असाल तर आधी ते बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या शहरातल्या कॉम्प्युटर बाजारात वापरलेले, दुरुस्त केलेले लॅपटॉप पंधरा ते पंचवीस हजारांत मिळतात. घेताना दुकानाची लेखी गॅरंटी घ्या, आणि बॅटरी किती वेळ टिकते हे तिथेच उभं राहून बघा.

प्रत्येक गेमच्या पानावर तळाशी 'किमान आवश्यकता' असा चौकोन असतो. तो न वाचता पैसे भरू नका. याचा धडा पुन्हा 'लायन किंग'नेच दिलाय. १९९४ च्या नाताळात डिस्नेने या सिनेमाची सचित्र गोष्टीची सीडी विकली. नाताळच्या सकाळी अमेरिकेतल्या पोरांनी ती कॉम्प्युटरमध्ये घातली आणि अनेक घरांत, विशेषतः कॉम्पॅकच्या प्रेसारिओ कॉम्प्युटरवर, ती चाललीच नाही. त्या यंत्रांतल्या ग्राफिक्सच्या ड्रायव्हरशी सीडीचं जमत नव्हतं. डिस्नेच्या मदतीच्या फोनलाइनवर रडकुंडीला आलेल्या आईबापांची रांग लागली. या फजितीनंतर मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स आणलं आणि विंडोजवर गेम चालवणं पुष्कळ सोपं झालं. पण पूर्ण सोपं आजही नाही.

गेमपॅड मात्र घ्या. वायरचा, हजार-दीड हजारातला पुरतो. कीबोर्डवर उड्या मारणारं पोर चार दिवसांत लॅपटॉपची बटणं ढिली करतं, आणि कीबोर्ड बदलायचा खर्च गेमपॅडहून जास्त.

इंटरनेटचा खर्च लोक धरतच नाहीत. जुना 'अलादीन' मोजक्या फ्लॉप्यांत मावायचा. लेगोसारखा गेम उतरवायला दहा-वीस जीबी लागू शकतात. घरी ब्रॉडबँड असेल तर प्रश्न नाही. पण रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हॉटस्पॉट लावून उतरवायचा म्हटलं तर आठवडा-पंधरवडा जाईल आणि घरातल्या बाकीच्यांचं नेट बंद पडेल ते वेगळं. विजेचा खर्च त्यामानाने किरकोळ. लॅपटॉप साधारण ६० वॅट खातो, म्हणजे रोज तासभर खेळून महिन्याला दोन युनिटच्या आत. मोठा गेमिंग पीसी ३०० वॅटचा धरला तर नऊ युनिट. दहा रुपये युनिट धरा: पहिल्याचे अठरा रुपये, दुसऱ्याचे नव्वद.

आता 'फुकट'वाले. 'डेस्पिकेबल मी'वरचा 'मिनियन रश' २०१३ पासून मोबाइलवर आहे. डिस्ने आणि पिक्सारच्या पात्रांची गाड्यांची शर्यत असलेला 'डिस्ने स्पीडस्टॉर्म' कॉम्प्युटरवरही चालतो आणि सप्टेंबर २०२३ पासून फुकट आहे. दोन्ही दिसायला देखणे, चालायला झकास. पण हे गेम संपत नाहीत, आणि संपू नयेत हाच त्यांचा धंदा. दर हंगामाला नवं पात्र, नवा विकतचा पास. आणि हवं ते पात्र फुकटात मिळवायचं तर इतके दिवस खेळत बसावं लागतं की पोर शेवटी तुमच्याकडेच येतं.

दुकानाच्या पानावर याचा पत्ता आधीच लागतो. गूगल प्लेवर गेमच्या नावाखाली बारीक अक्षरांत 'जाहिराती आहेत' आणि 'ॲपमध्ये खरेदी' असं लिहिलेलं असतं. माहितीच्या भागात खाली गेलात की 'प्रति वस्तू' अशी भावाची रेघ दिसते, लहान आकडा ते मोठा आकडा. लहानाकडे बघू नका, मोठ्याकडे बघा. लहान मुलांच्या गेममध्ये एका वस्तूची वरची किंमत हजारांत असेल, तर तो गेम कुणाच्या खिशावर डोळा ठेवून केलाय हे वेगळं सांगायला नको.

पैसे कसे निघतात तेही एकदा जवळून बघा. रुपये थेट कधीच मागत नाहीत. आधी रुपयांची रत्नं, नाणी, टोकन घ्यायची. समजा पोशाख ८० रत्नांना आहे आणि रत्नांची पुडी ७५ ची किंवा २०० ची. मग ७५ ची पुरत नाही, २०० ची घेतली जाते, वरची १२० उरतात, आणि उरलेली रत्नं पुढच्या खरेदीचं आमंत्रण बनून बसतात. हरल्यावर पडद्यावर गोल घड्याळ उलटं मोजायला लागतं: पाच, चार, तीन... एवढ्यात टोकन दिलंत तर तिथूनच पुढे, नाहीतर पुन्हा सुरुवात. विचार करायला वेळच मिळू नये, म्हणून ते घड्याळ. मोठ्या माणसाचंही बोट जातं, सहा वर्षांच्या मुलाला काय बोलणार? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये मुलांनी पालकांच्या परवानगीशिवाय केलेल्या अशा खरेदीबद्दल ॲपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि गूगलला किमान १ कोटी ९० लाख डॉलर ग्राहकांना परत करायला लावले. आज पासवर्ड आणि परवानगीची कुलपं दिसतात ती अशा प्रकरणांनंतर आली.

पैसे देऊन घेतलेल्या गेमच्या पोटातही दुकान असू शकतं. 'डिस्ने ड्रीमलाइट व्हॅली' आधी फुकट होणार म्हणून जाहीर झाला होता, २०२३ मध्ये तो पैशांचाच राहील असं ठरलं, आणि आत 'मूनस्टोन' नावाचं चलन आहेच. गेम चांगला आहे. पण किमतीच्या पाटीवरचा आकडा हा शेवटचा आकडा नाही, हे धरूनच घ्या.

दरमहा पैसे देण्याची वाट विकत आणि फुकट या दोहोंच्या मधली. गूगलचा प्ले पास २०२२ मध्ये भारतात आला तेव्हा महिना ९९ रुपये होता. ॲपल आर्केड २०१९ मध्ये ९९ लाच आली. यांतल्या गेममध्ये जाहिराती नसतात आणि आत वेगळी खरेदीही करावी लागत नाही. 'ड्रीमलाइट व्हॅली'सुद्धा ॲपल आर्केडवर आहे आणि मॅकवर चालतो. मे महिन्यापुरतं घ्यावं, जूनमध्ये शाळा सुरू झाली की बंद करावं. लोक घेतात आणि विसरतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी बँकेने कळवावं लागतं. तो एसएमएस आला की वाचा, बाकीच्या ढिगात लोटू नका.

कुलूप लावणं सोपं आहे. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल असं करा. मुलासाठी गूगलचं 'फॅमिली लिंक' हे पालकांचं ॲप वापरा. आयफोनवर 'आस्क टू बाय' ठेवा, म्हणजे मुलाची खरेदी आधी तुमच्याकडे परवानगीला येते. सगळ्यात मोठं भोक मात्र सेटिंगमध्ये नाही, घरातच असतं: दुधाचे पैसे पाठवताना शेजारी बसलेल्या पोराला यूपीआयचा पिन कधीच पाठ झालेला असतो. ओटीपीही त्याच्याच हातातल्या फोनवर येतो. म्हणून खेळायचा फोन आणि बँकेचा फोन वेगळा असेल तर उत्तम. नसेल तर पिन बदला. मुलाला थोडे पैसे खर्च करू द्यायचेच असतील तर गिफ्ट कोड आणून द्या. दोनशेचा कोड संपला की संपला, खात्याला भोक पडत नाही.

न संपणारे गेम एक दिवस मात्र अचानक संपतात, कंपनीच्या मर्जीने. 'हाउ टू ट्रेन युवर ड्रॅगन'वरचा 'स्कूल ऑफ ड्रॅगन्स' २०१३ मध्ये सुरू झाला आणि ३० जून २०२३ ला बंद. दहा वर्षांत ज्यांनी सदस्यत्व घेतलं, ड्रॅगन विकत घेतले, त्यांचं सगळं सर्व्हरबरोबर गेलं. 'डिस्ने इन्फिनिटी'ची गंमत आणखी वेगळी. त्यात प्रत्येक पात्रासाठी खरी बाहुली विकत घ्यावी लागे. २०१६ मध्ये डिस्नेने तो गुंडाळायचं ठरवलं आणि त्याच वर्षी कॉम्प्युटरसाठी सगळी पात्रं आत असलेली आवृत्ती एका किमतीत विकायला काढली. एकेक बाहुली जमवणाऱ्यांना काय वाटलं असेल!

फुकटात पेनड्राइव्हवर 'क्रॅक' गेम भरून देणारे अजून आहेत. घेऊ नका. नीतीचं बाजूला ठेवा, पण ज्या लॅपटॉपवर तुम्ही नेट बँकिंग करता, त्यावर अनोळखी माणसाची फाइल अँटिव्हायरस बंद करून चालवायची, हा सौदा महाग आहे. परदेशातल्या मामा-आत्याकडून भेट मागवणाऱ्यांसाठीही एक सूचना. स्टीमवर दोन देशांतल्या भावात मोठा फरक असेल तर भेट पाठवताच येत नाही. गिफ्ट कार्डाच्या भानगडीत पडण्यापेक्षा इथेच रुपयांत घेणं स्वस्त आणि सरळ.

भाषेचं एक सांगायला हवं. या लेखातल्या एकाही गेममध्ये मराठी नाही. 'लायन किंग', 'अलादीन'मध्ये वाचायला फारसं काही नसल्याने अडत नाही, पण 'ड्रीमलाइट व्हॅली'त पानोपानी इंग्रजी संवाद आहेत. पहिली-दुसरीतल्या मुलाला तो दिलात तर शेजारी बसून वाचून दाखवावं लागेल. तेवढा वेळ असेल तरच घ्या.

घरात चालता लॅपटॉप आहे असं धरून वर्षाचा हिशोब मांडतो. गेमपॅड बाराशे, सेलमध्ये घेतलेले तीन गेम मिळून हजार-पंधराशे, विजेचे दोनशे. तीन हजारांच्या आत दोन मुलांचं वर्ष निघतं आणि गेमपॅड पुढच्या वर्षीही राहतो. दुसऱ्या बाजूला फुकटचा गेम: समजा दर दोन महिन्यांना चारशेचा पास आणि सण-वाढदिवसाला हजारेक रुपयांची रत्नं दोनदा, तर साडेचार हजारांच्या आसपास, आणि वर्षअखेरीला हातात काही नाही.

चुकून खरेदी झालीच तर वेळ दवडू नका. गूगल प्लेवर ४८ तासांच्या आत परतावा मागणं सगळ्यात सोपं. नंतर गेमच्या कंपनीकडे जावं लागतं. ॲपलची तक्रार त्यांच्या 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' पानावर करायची. दोन्हीकडे ऑर्डर क्रमांक आणि तारीख लागते, ती ईमेलवर आलेल्या पावतीत असते. खरेदी मुलाकडून, परवानगीशिवाय झाली असं स्पष्ट लिहा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. आणि खरेदी घरातल्या कुणाचीच नसेल, कुणीतरी लिंक पाठवून पैसे काढले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच फोन करा, बँकेला त्याच तासात कळवा, आणि पावत्या, एसएमएस, पडद्याचे फोटो यांतलं काहीही पुसू नका.